चुलीचा उल्लेख

बाई, काल खालापूरला जाऊन माझं मृत्युपत्र करून आलो. वडिलांकडून आलेली कळंबची जमीन दहिवलीतल्या तुमच्या घरासाठी ठेवली आहे. माझ्यामागे ती विकावी आणि परसात मुलींसाठी स्वयंपाकघर बांधावं, असं लिहिलं. वकील तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "सर, त्या घरात स्वयंपाकघर आहे ना?" आहे, म्हणालो. "मग दुसरं कशाला?" मी त्यांना पुढचं कलम वाचायला सांगितलं. तिथली चूल कोणाची, ते त्यात लिहिलं आहे.

तुमचं मृत्युपत्र मी लिहिलं होतं. बी.ए. होऊन नुकताच परत आलो होतो आणि तुमच्याच शाळेत तात्पुरत्या जागेवर लागलो होतो. तुम्ही ओट्यावर तांदूळ निवडत बसला आहात. ताटातून नजर न काढता सांगताय, मी उतरवून घेतोय. ओढे भरले की ठाकूरवाडीच्या आदिवासी मुली शाळेत येत नाहीत. दोन महिने बुडाले की वर्ष बुडतं, आणि वर्ष बुडलं की घरचे लग्न उरकून टाकतात. म्हणून घर त्यांना राहायला द्यायचं, आणि शाळेच्या समितीनं ते चालवायचं. तुमच्यामागे कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाची समजूत घालायची नव्हती. मसुदा वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "चूल घाल त्यात."

"बाई, घर म्हटल्यावर चूल आलीच."

"तुला आली. सगळ्यांना येईल असं नाही रे."

पुनरुक्ती होते, म्हणालो. ती काढायला तुम्हीच आम्हाला शिकवलंत, असंही म्हणालो. तुम्ही खडे वेचायचं थांबवून माझ्याकडे पाहिलंत. "बरं. आता तू शिकलास," म्हणालात, आणि सही केलीत. ते कौतुक नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी ओळ घातली नाही. परिच्छेद स्वच्छ दिसत होता.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. पुढच्या आषाढात सात मुली राहायला आल्या, डोक्यावर इरली आणि काखेत तांदळाची गाठोडी. समितीच्या अध्यक्षांनी घराला स्वतःच्या खर्चानं चुना काढला होता, कौलं फिरवून घेतली होती. मुलींना त्यांनीच दारापर्यंत आणलं. फक्त स्वयंपाकघराला कुलूप होतं. तुमच्या स्वयंपाकघरात कधी देव नव्हते. कोनाड्यात शाळेची जुनी घंटा असायची. समितीनं तिथे एक तसबीर आणून ठेवली आणि मग कुलूप लावलं. मी अध्यक्षांकडे गेलो. ते बांधावर उभे होते, खाली बायका भाताची आवणी करत होत्या.

"मास्तर, पोरींना घर दिलं. छप्पर हाय, पानी हाय. आता देवाम्होरं त्यांनी रांधायचं व्हय? मला गावात ऱ्हायचं हाय."

"बाईंची इच्छा होती तशी."

"मंग लिवली का नाय? कागद तर तुमीच केला ना?" ते कुचेष्टा करत नव्हते, खरंच विचारत होते. "बाई लई हुशार. द्यायचं असतं तर लिवलं असतं त्यांनी."

चिखलातली ठाकूरवाडीची एक बाई वर न पाहता म्हणाली, "चूल आमी बाटवू, आन आमी लावल्याला भात गोड लागतो यांना." दुसऱ्या हसल्या. अध्यक्षही हसले. "गप गं, हात चालव," म्हणाले.

तुम्ही सांगितलं होतं आणि मी गाळलं, एवढंच मला बोलायचं होतं. ते ऐकल्यावर त्यांना कदाचित कुलूप काढावं लागलं असतं. त्यांच्या मनात तुमच्याविषयी तेवढा आदर होता. पण मला कायम करायचा विषय त्याच महिन्यात समितीपुढे यायचा होता. मी बोललो नाही. महिनाअखेर कायम झालो, आणि पुढे त्याच शाळेतून निवृत्त झालो.

मुली अजून येतात. ओढ्यावर साकव झाला, तरी येतात. मागच्या पडवीत तीन दगडांवर रांधतात, झड आली की पोतं धरतात. पहिल्या सात जणींपैकी पाच सातवी पास झाल्या, हे तुम्हाला आवडलं असतं. स्वयंपाकघरात आता शाळेच्या मोडक्या खुर्च्या आहेत. अध्यक्ष वारले. ते होते तोवर, आणि नंतरही, मी मनात त्यांनाच दोषी धरत आलो. ते सोयीचं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. त्या दिवशी बांधावरून निघालो तो सरळ त्या पडवीत गेलो होतो. लाकडं ओली, सगळीकडे धूर. सातांतली थोरली चौदाएक वर्षांची असेल. "सर, धूर हाय म्हंजी घरच्यावानीच हाय," ती म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. तिनं जर्मनच्या ताटलीत पेज ओतली, वर मिठाचे खडे टाकले आणि ताटली माझ्यापुढे केली. मी म्हणालो, जेवून आलोय. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.