वाड्यावर

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
रविवार

प्रिय इंद्रजीत,

‘प्रिय’ लिहावं की ‘श्री.’ लिहावं या विचारात चहा गार झाला. ऑफिसात रोज ‘महोदय’ लिहून हात इतका सरावलाय की एकदा तेही लिहून खोडलं. शेवटी जुन्या सवयीनं जे आलं ते राहू दिलं. घाबरू नकोस, दीपमालाच्या हाती पडलं तरी चालेल असंच हे पत्र आहे. वाचून तिला फार तर एवढंच वाटेल की नवऱ्याच्या ओळखीची एक बाई भारी तक्रारखोर आहे. ते खरंच आहे. मी लेखापरीक्षक आहे, सरकारी खर्चात खोट काढायचाच पगार घेते.

तुझं बरं चाललंय हे दिसतं. तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर हाताची घडी घालून उभा आहेस. कॉलेजात तुला उभं राहायला कायम एक भिंत लागायची, तेव्हा ती फोटोत कुठे लपवलीस कोण जाणे. माझं म्हणशील तर बदली होऊन मी पुन्हा इथं आले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यात. खालून वाळूजच्या कंपन्यांच्या बसेस जातात, शिफ्ट सुटली की टपरीवर गर्दी होते, आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालते. लग्न केलं नाही. कुणासाठी थांबले वगैरे काही नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. राहून गेलं.

आबांचे गुडघे गेले. हे तुला सांगायला हवं, कारण तू त्यांना भरभर चालताना पाहिलं आहेस. आता मेंढरं माझा भाऊ रामेश्वर वळतो, आई अजून त्याच्यासोबत फिरते, आणि आबांना मात्र वैजापूरच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या बांधावर, पत्र्याच्या आडोशाला ठेवून सगळे पुढं जातात. जन्मभर ज्यांच्यापुढं चाललो ती मेंढरं आपल्याला मागं ठेवून जाताना बघायची, हे त्यांच्यानं सोसवत नाही. मी त्यांना इथं आणलं होतं. भोंगा वाजला की दचकून उठायचे, जिने उतरता यायचे नाहीत. चार दिवस दारातल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “रत्ने, इथं लई चांगलं हाय, पण माह्या अंगाला वास येईना मेंढरांचा. मला सोड तिथं.” मी सोडून आले. परत येताना एसटीत रडले, आणि शेजारच्या बाईनं मला लिमलेटची गोळी दिली.

म्हणून ती योजना आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. तुला माहीत आहेच ती, तुमच्याच कंपनीला सल्लागार नेमलं होतं. ज्यांच्यानं आता चालवत नाही अशा फिरत्या मेंढपाळांना त्यांच्या गावच्या गायरानात एक खोली, आणि समोर मेंढरांना पाण्याचा हौद. म्हणजे वाडा फिरून परत आला की मेंढरं हौदावर येतील आणि म्हातारा दारात बसून त्यांना बघेल. आबांना मी हे फोनवर सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, हौद खोलीच्या समोर हाय का मागं. समोर हाय, असं मी सांगितलं. किती खात्रीनं सांगितलं.

आता जरा जुनं काढते. पहिल्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीत तू विचारलं होतंस, घर कुठंय तुझं. मी म्हटलं, आमचा वाडा सध्या वैजापूरकडं आहे. तुला ‘सध्या’ हा शब्द ऐकूच गेला नाही. तुमच्या गावी दगडी जोत्याचा वाडा, त्यामुळे तुझ्या डोळ्यांपुढं दिंडी दरवाजा उभा राहिला. आणि एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन तू वैजापूरला उतरलास आणि मार्केट यार्डाजवळ लोकांना विचारत सुटलास, वाडा कुठं आहे. लोकांनी बोट दाखवलं ते नांगरून पडलेल्या रानाकडे. तिथं काय होतं? मेंढरं, त्यांना रात्री कोंडायची जाळीची वाघर, एक कापडी पाल, एक घोडी आणि घोडीवर लादलेल्या भांड्यांवर बसलेली कोंबडी. तू पुडा हातात धरून तसाच उभा राहिलास. आईनं तुला भाकरी आणि दूध दिलं, आबांनी एक कोकरू तुझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाले, “धरा, हाच आमचा दिवाणखाना.” कोकरानं तुझा शर्ट खराब केला. तू हसलास. खरंखुरं हसलास, आम्हाला नाही, आमच्याबरोबर. माझा तुझ्यावर जीव जडला तो त्या हसण्यानं. तेवढंच कारण होतं.

परतताना तू म्हणालास, एक गोष्ट कळली, तुम्ही लोक ‘वाड्यात’ म्हणत नाही, ‘वाड्यावर’ म्हणता. आत जाण्यासारखं काही नसतंच, म्हणून. कुठल्याही पुस्तकात नसलेली गोष्ट तुझी तुला सुचली होती. मी हॉस्टेलच्या मुलींना आठवडाभर ते सांगत होते. पुढं तात्यासाहेबांनी, तुझ्या वडिलांनी, मला घरी बोलावलं आणि चहा पिता पिता विचारलं, “बेटा, उद्या वऱ्हाड न्यायचं म्हटलं तर ह्या रानात न्यायचं का त्या रानात?” सगळे हसले. तूही हसलास, पण ते दुसरं हसणं होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही, आजही बोलायचं नाही.

तुमच्या कंपनीचा अहवाल तपासायला माझ्याकडे आला तेव्हा प्रकल्प प्रमुख म्हणून तुझी सही पाहिली आणि खरं सांगते, निर्धास्त झाले. म्हटलं, हा माणूस वाड्यावर जेवलाय. मग वाचलं. ‘सर्वेक्षण केलेल्या मेंढपाळ कुटुंबांपैकी बहुतांश कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या वाड्यांत राहतात.’ वाड्यांत. प्रत्यक्ष जाऊन पाहणी करायचं कलम करारात असताना शहरात बसून पोरांकडून फोन करवले होते. राहायला कुठं असता, असं पोरांनी विचारलं. वाड्यावर, असं लोकांनी सांगितलं. वाडा कुणाचा? आमचाच की. यात कुणीही खोटं बोललं नाही, बघ. आणि मग रकान्यात आलं, पक्कं घर आहे, सबब अपात्र. भिकन या नावापुढंही तेच. आमच्या आबांना तुम्ही वाडेवाला केलंत. पहिल्यांदा मी टेबलावर मोठ्यानं हसले. शेजारची सुरेखा वळून बघायला लागली.

मी आक्षेप लिहिला. माझ्या नोकरीत मी इतकं नीट कधी काही लिहिलं नसेल. पाहणी न करता मोबदला घेतला, खात्यानं न तपासता दिला, अपात्र यादी चुकीची, फेरसर्वेक्षण व्हावं. साहेबांनी तो पुढं पाठवला, वर्षभरानं छापून आला, आणि गेल्या आठवड्यात विधिमंडळाची समिती दौऱ्यावर आली तेव्हा साक्षीसाठी निघाला. मी किती आशेवर होते म्हणून सांगू. सरकारनं खर्च केला तर त्याचा जाब विचारणारी आमदारांची समिती असते, तिच्यापुढं खात्याला उभं राहावं लागतं, आणि तिला माहिती पुरवणारे आम्ही असतो, यावर माझा विश्वास होता. साधाभोळा नव्हे, नोकरी करून मुरलेला विश्वास.

सभागृहात टेबलावर तुझ्या नावाची पाटी होती, तू नव्हतास. तुझ्याऐवजी आलेला पोरगा पडद्यावर आकडेवारीचे रंगीत गोल दाखवत होता. एक सदस्य म्हणाले, “वाडे हायेत म्हणता, मग घरकुल कशाला पायजे? आम्हाला नाय वाडा.” हशा झाला. समितीच्या प्रमुखांनी विचारलं, लेखापरीक्षणाचं म्हणणं काय. साहेबांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि सांगितलं की वाडा म्हणजे घर नव्हे, वाडा म्हणजे मेंढरं आणि त्यांच्यामागं फिरणारं बिऱ्हाड. सगळे ऐकत होते. प्रमुखांनी तर पेन उचललं होतं. तेवढ्यात खात्याचे अधिकारी अगदी मऊ आवाजात म्हणाले, मॅडमना हे कशावरून माहीत? कुठल्या शासकीय कागदात अशी व्याख्या आहे? अशी व्याख्या कुठेच नाही, इंद्रजीत. आमचं काहीच कुठल्या कागदात नाही. मी म्हटलं, माझे वडील वाड्यावर असतात.

झालं. वडिलांचं नाव यादीत आहे का? आहे. अपात्र आहेत का? आहेत. म्हणजे आक्षेप मान्य झाला तर त्यांना खोली मिळेल? मिळेल. एवढं विचारून अधिकारी खुर्चीत मागं टेकले. त्या सभागृहात तो शब्द कळणारी मी एकटी होते, आणि कळतो म्हणूनच मी बाद झाले. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. प्रमुख उलट वाईट वाटल्यासारखे म्हणाले, बाई, तुमचं खरं असेल, पण तुम्ही घरच्या पडलात. माझ्या आक्षेपाचा परिच्छेद वगळण्यात आला. मग जेवण झालं. मटण होतं, आणि वाढपी आग्रह करत होता. मी भात आणि ताक घेतलं आणि साहेबांच्या शेजारी बसून राहिले. साहेब म्हणाले, आधी सांगायचं होतं ना. मला कुणी विचारलंच नव्हतं. आता लेखी खुलासा मागितलाय, तो देईन. नोकरी जाणार नाही, फार तर कुठे तरी टाकतील. पण इतकी वर्षं ज्या कामाला काम म्हणत आले त्यावरचं मन उडालं. उद्या ऑफिसात जाऊन कुणाचा तरी अहवाल उघडायचा आहे आणि तो कशासाठी वाचायचा हे मला कळत नाही. आम्ही लिहायचं, त्यांनी वगळायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सल्लागार नेमायचे. कुणी मुद्दाम वाईट वागत नाही यातलं, हेच फार भयंकर वाटतं.

काल आबांना सांगायला गेले. वाडा गोदावरीकाठी, गंगथडीकडं गेलाय, ते एकटेच होते. मी सगळं सांगितलं, फक्त तुझी सही सांगितली नाही. प्रमुख उठता उठता म्हणाले होते की सल्लागारानं स्वतः चूक लेखी कळवली तर महिनाअखेरपर्यंत फेरविचार करता येईल, तेही सांगितलं. अर्थात कोण कळवतंय, असं म्हणून. आबा गुडघे चोळत ऐकत होते. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, “अगं, तुह्या कालिजातला तो पोरगा, पेढे घेऊन आलेला. तो मोठ्या कंपनीत हाय ना? त्याला लिही. त्यानं वाडा पाह्यलाय, कोकरू घेतलं व्हतं मांडीवर. तू घरची हायस, तुहं कोण धरणार? तो परका हाय. त्याचं धरतील.” किती सहज म्हणाले, परका. त्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही, उलट तीच त्यांना तुझी मोठी लायकी वाटली. मी लिहिते म्हटलं आणि घरी येऊन हे लिहिलं. तू काही कळवशील असं मला वाटत नाही. कळवलंस तर ती सही, ती कंपनी, तो फोटो, सगळंच जाईल, आणि मी तुला तसं कर म्हणूनही सांगत नाही. पण आबा रोज फोन करून विचारणार, त्याचं आलं का गं काही. त्यांना मी काय सांगू, तेवढं एक कळव.

तुझी कुणीही नसलेली,
रत्नमाला