साहेबाच्या दगडाचे फोटो

१६ जानेवारी २००३, टोकावडे

आज इंग्रज जंगलसाहेबाचा दगड घासला! वैशाखरे गावाच्या वर, बुधीमावशीच्या वाडीला लागूनच आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते तोवर माझी लेक हर्षाली मावशीकडेच असते. तिला आणायला गेले आणि राहवलं नाही. रॉकेल, काथ्या, तासभर घासणं. शेंदराचे पोपडे निघाले, खालून इंग्रजी अक्षरं — ‘या अरण्याचा पिता’. पिता म्हणे! मावशीच्या आज्याला ह्याच पित्याने एका मोळीपायी चाबकाने फोडून काढलं होतं.

मावशी लांबच उभी. “बाई, आमी दरसाल त्याच्या नावावर शेंदूर थापतो. पूजा नाय ती. नाव झाकलेलं बरं.” मी हसले. हर्षाली दगडाला हात लावायला गेली, तर मावशीने तिला खसकन मागे ओढलं.

१९ जानेवारी

दगडाच्या फोटोंचा तिसरा रोल संपला. पोरीला खोकला, तरी उन्हात ताटकळत ठेवली. “आई, घरी चल ना” — पाचदा म्हणाली. कसली आई मी!

२३ फेब्रुवारी

ठाण्यात माझ्या फोटोंचं प्रदर्शन. दगडाच्या फोटोपुढे गर्दी! लोकांना साहेबाची लबाडी कळली, असं वाटलं. सफारीतल्या एका गृहस्थाने जागा कुठली विचारलं. मी हौसेने नकाशाच काढून दिला. त्याने तो घडी करून खिशात टाकला, फोटोकडे परत बघितलंही नाही. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

१२ मार्च

वाडीत मोजणीवाले. चुन्याच्या रेघा मारून गेले. मावशीचं अंगण रेघेच्या आत.

२० मार्च

मावशीचा नवरा, राघो, मुरबाडला तहसील कचेरीत जाऊन आला. कुठल्याशा कंपनीला तिथे रिसॉर्ट बांधायचंय. अर्जात लिहिलंय — दगडाभोवतीचा माळ रिकामा, तिथे कधीच कुणी राहत नव्हतं. सोबत पुरावा जोडलाय. राघोने कागद माझ्यापुढे धरला. “बाई, ह्यो तुमीच काढला ना?”

माझा फोटो. खाली माझी सही. 

अकरा घरं आहेत तिथे! मावशी त्यातल्याच एका घरात जन्मली. सोमवारी सुनावणी. मी म्हटलं, घाबरू नका, तीन रोल आहेत माझ्याकडे, कशात ना कशात घरं असणारच. मी स्वतः येऊन तहसीलदारांपुढे ठेवते. राघो जरा हसला तरी. मावशी हर्षालीची वेणी घालत राहिली.

२३ मार्च

एकशे आठ निगेटिव्ह. सगळ्या भिंगाखाली पाहिल्या, दोनदा.

एकातही घर नाही. दर वेळी मीच दोन पावलं सरकून घरं चौकटीबाहेर ठेवली होती — दगड एकटा दिसावा म्हणून.