कविताची दोन सालं जमा झाली

बहादरपूर, गुरुवार, दिवेलागण

मी सांगतेय, माझी नातसून कविता हे लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही, त्यामुळे तिनं मधे काही गाळलं तरी कळायचं नाही.

लग्नात हिचं कॉलेज सुटलं, दोन सालं शिकून. परत जा म्हटलं की रडवेली व्हायची. "आजी, पुन्हा पहिल्यापासून बसवतील." हिची पोरगी शाळेत जायला लागली, तरी ही घरातच.

आज बुऱ्हाणपूरला जाऊन विचारून आली. नियम बदललाय म्हणे. तिची दोन्ही सालं जमा धरली, एकदम तिसऱ्यात घेताहेत. दोन सालं! मला वाटायचं, नियम नाही म्हणण्यासाठीच करतात. हा हो म्हणतोय. दिल्लीत ज्यानं केला, त्याच्या घरी पण अशी सून असेल का? असो, त्याचं भलं होवो.

मी लगेच तिची ओटी भरायला घेतली.

"आजी, मी माहेरी नाही, कॉलेजात चाललेय!"

"मग? घरची सून रिकाम्या ओटीनं निघते का? नारळ मास्तरांना दे."

हसता हसता पाया पडली. दोन सालं वाया नाही गेली, देवा.

अगं, थांबलीस का? डोळे पूस आणि लिही. तिसऱ्या सालात असं चालायचं नाही.