आंबट बीअर गोड कशी लागते

माय, तू गेलीस तेव्हा मी पुण्यात एका हॉटेलात गिलास धूत होतो. दहा वर्षं झाली, आता त्याच ठिकाणी बीअरच्या टाक्या धुतो. इथं बीअर घरचीच बनते. एक गव्हाची, एक काळी, एक तपकिरी जरा गुळमट, एक कडू, एक आंबट. खायला मेक्सिको म्हणून देश आहे तिकडचं जेवण. नावं बोलता येत नाहीत, पण ताटात पाहिलं तर मक्याची पोळी, काळा राजमा, वाळल्या मिरच्या अन् पाच तास शिजवलेलं डुकराचं मटण. तू म्हणाली असतीस, मक्याची पोळी खायले एवढ्या दूर गेला का रे.

मागच्या महिन्यात मॅनेजरनं ठरवलं की रविवारी पंगत करायची आणि कोणत्या ताटासोबत कोणती बीअर प्यायची ते आपण सांगायचं. हे ज्याला कळत होतं तो पोरगा काम सोडून गेला होता. मॅनेजर मला म्हणाला, "टाक्या तू धुतोस, वास तुला पाठ आहेत. जमलं तर बीअर बनवणाऱ्याच्या हाताखाली घेतो. नाही जमलं तर परत गिलास." मी आठवी नापास माणूस. माझ्याजवळ नाक आणि जीभ, बाकी काही नाही.

उस्ताद म्हणजे आमचा स्वयंपाकी, गढवालचा. त्यानं मटण-राजम्याची वाटी पुढं केली. "बोल भाई, इसके साथ कौन सी?" सगळ्यांना वाटत होतं कडू. मी कडू प्यालो तर मिरची जास्तच चावली. काळी पोटात दगडासारखी बसली. मग आंबट घेतली. ती पातळ, तिनं जिभेवरची चरबी धुऊन नेली आणि हात आपोआप दुसऱ्या घासाकडे गेला. माय, माझ्या तोंडात बासी आली. रात्री पाण्यात भिजवलेला भात, सकाळी त्याला सुटलेलं ते आंबूस पाणी, सोबत कांदा आणि भेदराची तिखट चटणी. इकडे भेदराला टोमॅटो म्हणतात. गिलासाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हे याच्यासंग गोड लागते."

मॅनेजर फोनवर होता. त्यानं माझं बोट पाहिलं नाही, 'गोड' तेवढं ऐकलं. मालक चाखायला आला तेव्हा मटणासोबत ती तपकिरी गुळमट बीअर ठेवलेली. दोन घास खाऊन त्यानं ताट बाजूला सारलं.

"तूच म्हणालास ना गोड?" मॅनेजर सगळ्यांसमोर माझ्यावर आला.

"साहेब, आमच्याकडे मटण पण गोड लागते. झुणका गोड लागते. गोड म्हणजे साखर नाही."

"मग काय?"

मी आंबट बीअरच्या टाकीकडे बोट दाखवलं. उस्तादच हसला. "अरे, मतलब खाने में मन लग गया। इसकी आंबट वाली लाओ।"

आंबट आली. मालकानं ताट पुसून खाल्लं आणि मला विचारलं, "कुणाकडून शिकलास?" मी म्हटलं, "असंच." काम मिळालं. सोमवारपासून मी बीअर बनवणाऱ्याच्या हाताखाली लागलो.

पण तो 'गोड' शब्द डोक्यातून जाईना. पहिला घास घेतला की तू रोज विचारायचीस, "गोड लागते का?" मी 'हूं' करायचो, तेही मान खाली घालून. एवढ्या परक्या लोकांना तो शब्द मी समजावला, आणि तुला एकदाही म्हटला नाही.

धान रोवण्याचे दिवस आठवतात. बिरसीच्या विमानतळाकडच्या बांधीत, धानाच्या चिखलात तू कमरेतून वाकलेली, वर विमानाच्या शाळेची शिकाऊ विमानं घिरट्या घालून राहिलेली. धुऱ्यावर, बांधीच्या कडेला बसून तू डबा उघडतेस, बासी वाढतेस, माझ्या तोंडाकडे पाहतेस. मी ताटली सरकवून म्हणतो, "आंबून राहिलं हे. डुकराले टाक."

तू म्हणतेस, "काऊन रे, साहेब झाला का तू? डुकराले टाकाचं अन् तुले काय वाढाचं?" आणि माझ्या वाटचीही तूच खातेस. त्या पावसाळ्यानंतर मी पुण्याला आलो. पुढच्या वर्षी तुझा ताप कळला तेव्हा मी गाडीत बसलो, पण पोचलो तिसऱ्या दिवशी, तोवर तू गेली होतीस.

हा कागद पाठवायचा कुठं? तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. कामाचे कपडे ठेवतो त्या पेटीत राहील.

एक सांगतो. ती बासी खराब झाली नव्हती. विमानाच्या शाळेतली दोन पोरं पांढरे शर्ट घालून धुऱ्याजवळ गाडी थांबवून उभी होती, रस्ता विचारायला. ती पाहून राहिली होती म्हणून मी तसं बोललो. मला भूक लागली होती, माय.