शोभाने पाहायला सांगितलेली मालिका

रविवार, ३ नोव्हेंबर

पाहिली एकदाची! शोभाने फोनवर चारदा बजावलं होतं — "पाहा हो, रविवारी दुपारी नवा भाग येतो." दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा इंग्रजी कादंबरीवरून काढलेली मालिका. तिला म्हणे बी.ए.ला होती. हिंदीत डब केलेली आहे. लांब कोटातला गोरा म्हातारा बायकोला "अजी सुनती हो" म्हणाला तेव्हा मोठ्याने हसलो. मग लक्षात आलं, ऐकायला कोणी नाही.

गोष्ट एका मॅजिस्ट्रेटची आणि त्याच्या शिकलेल्या बायकोची. पांढरकवड्याच्या कोर्टात मी चौतीस वर्षं बाबूगिरी केली, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच. संध्याकाळी शोभाला म्हणालो, "तुझ्या मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर एकही फाइल नाही. असं कुठं असते?" हसली! किती दिवसांनी हसली. मार्चमध्ये गेली पुण्याला, आमच्या लेकीच्या, केतकीच्या बाळंतपणासाठी. दोन महिने म्हणून गेली. नात सोनू आता बसायला लागली तरी हिचं येणं नाही.

"न्यायला येऊ का?" विचारलं.

"पाहू," म्हणाली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

घरकामाला येणारी सोनीबाई अजून दोन कप चहा टाकते. "आदत पडली साहेब," म्हणते. दुसराही मीच पितो.

रविवार, १० नोव्हेंबर

भाग दुसरा. मॅजिस्ट्रेट सज्जन माणूस आहे. पीत नाही, हात उगारत नाही, वेळेवर घरी येतो. तरी बायको खिडकीत उभी राहून डोळे पुसते. कशाला? सोनीबाई केरसुणी हातात धरून दारातच थबकली होती.

"ते बाई काहून रडून राह्यली?"

"काही कारण नाही. सुख दुखतं."

"असं नसते साहेब. कारन असतेच. तुमाले दिसलं नसंन."

शहाणी! पण भाजीत मीठ बरोबर पडतं, म्हणून बोललो नाही.

शोभाशी वीस मिनिटं बोललो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, फोनवर वीस मिनिटं कधी बोललो होतो? एरवी "गॅस संपला", "आलो", "ठेवतो". ही मालिका बरी आहे. शंभर भाग असावेत तिचे.

बुधवार, १३ नोव्हेंबर

प्रचाराच्या गाड्या दिवसभर कानाशी. एकाने भोंग्यातून "आदरणीय बंधूंनो आणि भगिनींनो" म्हटलं. आज माझ्याशी कोणी बोललं असेल तर तेवढंच.

रविवार, १७ नोव्हेंबर

भाग तिसरा. ती निघून गेली! एक पेटी घेऊन, बहिणीकडे. नवरा कोर्टात, आणि ही घोडागाडीत. चिठ्ठीसुद्धा नाही.

संताप आला. फोनवर सरळ म्हणालो, "हे चूक आहे. नवऱ्याचा दोष काय ते तरी सांगावं. आमच्या कोर्टात आली असती तर साहेबांनी आधी नांदायला जा म्हणून सांगितलं असतं."

पलीकडे सोनूचं रडणं ऐकू येत होतं.

"तुम्ही आधी पूर्ण पाहा," शोभा म्हणाली. "एकतर्फी निकाल देऊ नका."

आणि फोन ठेवला. बाबूची बायको, शब्द बरोबर वापरते. पण आवाज थट्टेचा नव्हता. काय झालं कोण जाणे.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान केलं. शाईच्या बोटाचा फोटो शोभाला पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी सहाला फोन केला तर केतकीने उचलला — "बाबा, आई झोपली आहे." संध्याकाळी सहाला! दिवेलागणीला झोपलेल्या माणसावर ओरडणारी बाई ती.

जेवलो नाही. एकट्यासाठी ताट घ्यायचा कंटाळा आला.

रविवार, २४ नोव्हेंबर

भाग चौथा अर्धाच पाहिला. बंद केला.

जुनी हकीकत दाखवली. त्या बाईला एका शाळेत मास्तरीण म्हणून बोलावणं आलं होतं. ती माहेरी गेलेली. पत्र नवऱ्याने उघडलं आणि तिच्या वतीने "जमणार नाही" असं कळवून टाकलं. अगदी प्रेमाने. तिची दगदग होऊ नये म्हणून.

उठून ही वही काढली.

लिहून टाकतो. इथे तरी. १९९६चा जुलै. राळेगावच्या एका शाळेतून शोभाची नेमणुकीची ऑर्डर आली होती. ती यवतमाळला आईच्या आजारपणात. केतकी चार वर्षांची. मी विचार केला — एसटीने जायला दीड तास, यायला दीड तास, पोरीला कोण पाहील, माझा डबा कोण करील. हो, डबाही आलाच त्यात! "घरगुती अडचणीमुळे रुजू होऊ शकत नाही" असं लिहिलं, खाली तिची सही मीच ठोकली. ती परत आल्यावर म्हणालो, जागा दुसऱ्या कोणाला गेली. दोन दिवस रडली. मी बाजारातून साडी आणली. ती नेसलीसुद्धा.

तिचं भलं केलं असंच वाटत आलं. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. फार वाईट केलं मी. फार वाईट.

सोमवार, २५ नोव्हेंबर

सांगायचंच म्हणून फोन लावला. "ऑर्डर आली होती" एवढे तीन शब्द म्हणायचे होते. थंडीचं बोललो. सोनूच्या दाताचं बोललो. तुरीला शेंगा धरल्या म्हणालो, जशी काही माझी तूर आहे. शोभा थांबून राहिली होती — मी आणखी काही बोलेन म्हणून. नाही बोललो. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे कबुलीजबाब लिहून घेतले, स्वतःचा एक देता येत नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

तोंडाने जमत नाही तर पत्र लिहावं म्हटलं. शाळेला काय कळवलं होतं ते शब्दशः पाहिजे होतं, म्हणून घरची फाइल काढली. गेलेल्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडची नक्कल, मी ठेवतो, सवयच ती. १९९६ची जागच्या जागी होती.

तिच्या खाली निळ्या शाईत, कोर्टात कागद हातात पडल्यावर लोक लिहून देतात तसं: "प्रत मिळाली." सही, शोभा. खरी सही. तारीख या वर्षीची, १९ मार्च.

त्या दिवशी तिला आधारची झेरॉक्स हवी होती. फायलीत बघ, मीच म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली, आणि ती सोनूसाठी गेली असं मी सगळ्यांना सांगत आलो.