तयार नातेवाईक

आर्कान्सा
बुधवार, ९ ऑक्टोबर २०१९

प्रिय जीनी,

तुझं पत्र आणि हेझलनटची पिशवी दोन्ही पोचली. दातांनी साथ सोडलीय, म्हणून ठेचून खाते. कंबरेचं हाड आता बरं आहे. काठी लागते, पण ती टेकण्यापेक्षा मी लोकांवर उगारायलाच जास्त वापरते. तुझ्या गुडघ्यांना ते मलम लागू पडलं का, कळव. तुमच्या ऑरेगनात गारठा सुरू झाला असेल, इकडे अजून उकाडा आहे आणि टोमॅटो थांबायचं नाव घेत नाहीत. माझ्या हातात टोपली दिसली की शेजारीपाजारी दारं लावून घेतात.

या पत्राबरोबर एक पाकीट आहे, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. मुद्दामच मारलीय, मी तुला ओळखते. ते आधी उघडू नकोस. पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग उघड. आजवर मोठ्या बहिणीला मी फारसे हुकूम सोडलेले नाहीत, हा एक ऐक.

गेल्या महिन्यात आपल्या गार्लंडची लेक शेल्बी मैत्रिणींबरोबर कॅन्टनच्या बाजाराला गेली होती. महिन्यातून एकदा भरतो तोच बाजार, लहानपणी आपण डॅडीबरोबर शिकारी कुत्र्यांची पिल्लं घेऊन जायचो तो. आल्यावर तिने फोनमधले फोटो दाखवले. एका तंबूत जुन्या फोटोंनी भरलेली लाकडी पेटी, आणि वर पाटी: ‘तयार नातेवाईक. एक डॉलरला एक.’

“मीमॉ, ज्याला आजोबा नाहीत त्याने इथून घेऊन जायचे,” म्हणून ती खिदळत होती. मीही हसले. मग चष्मा लावला. पेटीत पुढेच, एक मिशाळ शिपाई आणि एक लठ्ठ नवरी यांच्या मध्ये, ड्यूई ली बसला होता.

तुझा ड्यूई ली, जीनी. गळ्यात छोटा टाय, केस पाण्याने चापून बसवलेले, डाव्या बुटाची नाडी सुटलेली. नाडी बांधायला गेलं तर रडेल म्हणून तू फोटोवाल्याला तशीच राहू दे म्हणाली होतीस.

तो जळाला नव्हता. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, आता राहू देते. तो फोटो जळाला नव्हता.

मग तो तिथे कसा पोचला, असं तू विचारशील. सांगते. पण मला माझ्या चालीने सांगू दे, काठीची चाल आहे.

पुढचा बाजार महिन्याने होता. तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. एक डॉलर देऊन कुणीही त्याला उचलून नेईल आणि कुठल्याशा खानावळीच्या भिंतीवर त्या मिशाळ शिपायाशेजारी टांगेल, एवढंच डोक्यात. रोज दळण तेच. आणि बोलायची सोय नाही. गार्लंडला नुसतं म्हटलं, “मला बाजाराला ने. मरायच्या आधी एकदा बघायचाय.”

“मॉम, तू गेली दहा वर्षं प्रत्येक गोष्ट मरायच्या आधी करतेयस,” तो म्हणाला. पण नेलं त्याने. शनिवारी जायचं, रविवारी परत यायचं असं ठरलं. गार्लंड, त्याची टोन्या, शेल्बी आणि मी.

गार्लंड गाडी अशी चालवतो की मागून प्रेतयात्रा येतेय असं वाटावं. निघाल्यावर अर्ध्या तासात सॉसेज-पावांसाठी थांबला. पुढे रस्त्याकडेला भोपळ्यांचा ढीग दिसला, तर टोन्याला भोपळे हवे झाले. तिने प्रत्येक भोपळा फिरवून फिरवून पाहिला, जणू जावई निवडायचाय. मी गाडीत बसून घड्याळाकडे बघत होते.

“बाथरूमला जायचंय का, मॉम? सारखी चुळबुळ करतेयस.”

“नाही रे. तू हाक गाडी.”

“मीमॉने कुणाला तरी भेटायची वेळ दिलीय,” शेल्बी मागून म्हणाली.

“दिली असेल,” मी म्हटलं.

टोन्याला बाजारात एक जुनं दार घ्यायचं होतं, पलंगाच्या उशाशी उभं करायला. गार्लंड म्हणाला, “घरात सहा दारं आहेत, त्यातलं एकही नीट लागत नाही, आणि ही सातवं विकत घ्यायला तीन तास प्रवास करतेय.” त्यावरून त्यांची जुंपली. एरवी मी मध्ये पडून दोघांनाही दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला फक्त पोचायचं होतं.

पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. माझ्यासाठी त्यांनी बॅटरीवरची तीनचाकी भाड्याने घेतली. मी ती अशी पळवली की एका गृहस्थाच्या टाचेवरून गेली. शेल्बीला तंबूची खूण एकच आठवत होती, लिंबू सरबतवाल्याच्या समोर. जीनी, त्या बाजारात सरबतवाले पाच आहेत. चार झाले. प्रत्येकासमोर बशा, घोड्यांचे नाल, कुणाच्या तरी आजीच्या गोधड्या. टोन्या दर दाराशी थांबत होती. शेवटी माझा आवाज चढला. “दारं नंतर बघ ना गं,” मी म्हटलं, आणि तिघंही माझ्याकडे बघत राहिली. मी टोन्यावर कधी आवाज चढवलेला नाही.

पाचव्यासमोर ती पाटी दिसली.

म्हातारा उंच, काटकुळा, खांद्यांवरून पट्टे लावलेली पँट. त्याची बायको मागे खुर्चीत डुलक्या काढत होती. मी पेटी चाळायला घेतली. शिपाई होता, नवरी होती, मधली जागा रिकामी. दोनदा चाळली. मग विचारलं, “इथे एक लहान मुलगा होता. टाय घातलेला. एका बुटाची नाडी सुटलेली.”

“तो होय,” म्हातारा म्हणाला. “त्याला गेल्या महिन्यातच एका जोडप्याने उचललं. नवीन घर आहे म्हणाले, जिन्याशेजारी लावायचाय.”

मी त्या तीनचाकीवर बसूनच राहिले. तो थर्मासातून कॉफी ओतून घेत होता, सावकाश, आणि ओतून झाल्यावर म्हणाला, “पण पैसे घेताना मी उलटून बघितला. मागे नाव होतं. नाव असलेलं माणूस मी विकत नाही, बाई. नाव आहे म्हणजे ते कुणाचं तरी आहे. ज्यांची नावं गेली तेच तयार नातेवाईक.” त्याने टेबलाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. “नाववाले सगळे यात राहतात. नाव सांगा आणि घेऊन जा.”

माझ्यामागे गार्लंड उभा, टोन्या उभी, शेल्बी उभी. आपल्या घरात जे नाव त्रेपन्न वर्षांत कुणी उच्चारलं नाही, ते मला भर बाजारात सरबतवाल्यासमोर घ्यायचं होतं.

“ड्यूई ली स्प्रॅडलिन,” मी म्हटलं.

“बरोबर. आणि खाली पेन्सिलीने आकडे कसले? आम्ही दोघांनी डोकं शिणवलं. ही म्हणते लॉटरीचे.”

“लॉटरीचेच आहेत ते,” बायको डोळे न उघडता म्हणाली.

“वय आहे,” मी म्हटलं. “तो किती वर्षांचा झाला असता ते.”

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. फोटो कागदी पिशवीत घातला, वर हात ठेवला आणि डॉलर घ्यायला नाही म्हणाला.

“कोण ड्यूई ली, मॉम?” गार्लंडने विचारलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माझा मुलगा, त्याला आपला मावसभाऊ माहीत नाही. मी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, सगळं सांगितलं. टोन्याने माझा हात धरला तो सोडलाच नाही. दार राहिलं घ्यायचं.

मुक्काम न करता आम्ही तसेच परत निघालो. मग गार्लंड म्हणाला, “मॉम, तू मला सांगितलं असतंस तर मी ते मशीन दिलं नसतं.”

“सांगता आलं असतं तर मी त्याला मशीनमध्ये कशाला ठेवलं असतं?”

तर आता आलंच ते, जीनी. आकडे माझ्या अक्षरात आहेत. फोटो माझ्याजवळ होता. शिवणाच्या मशीनच्या खणात, तळाला लावलेल्या कागदाखाली. या मे महिन्यात मी हाड मोडून दवाखान्यात होते तेव्हा मुलांनी माझा पलंग खाली आणला, आणि जागा करायला मशीन बाजारोबाजार जुनं सामान विकणाऱ्या एका ट्रेलरवाल्याला देऊन टाकलं. प्रेमाने केलं. घरी आल्यावर मी म्हटलं, छान केलंत.

तुला तो फेब्रुवारी आठवत असेलच, मी कशाला आठवण देऊ. न्यूमोनियाने तो गेला आणि तू सहा आठवडे तो फोटो मांडीवर घेऊन बसलीस. खात नव्हतीस, बोलत नव्हतीस, न्हात नव्हतीस. तुझा हॉवर्ड ट्रक घेऊन बाहेरगावी, घरात तू आणि मी. मला वाटलं, आता तूही जातेस. एका मंगळवारी तुझा डोळा लागला तेव्हा मी तो काढून घेतला. आठवडाभरासाठी. एवढंच मनात होतं, देवाशपथ. त्याच दिवशी आपली भावजय, कार्लटनची नॅडीन, आली, तिने तुझी चादर बदलली, खोली झाडली आणि कचरा मागच्या पिंपात जाळला.

तू रात्रीच्या झग्यातच बाहेर पळालीस. पिंपातली राख हातांनी चिवडलीस. मग नॅडीनला जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. आणि त्या संध्याकाळी, जीनी, तू दोन ताटल्या घेवडा खाल्लास, मक्याच्या पावाबरोबर. दुसऱ्या दिवशी केस धुतलेस. रागाने तुला उभं केलं. मी काय करणार होते? फोटो परत दिला असता तर राग गेला असता, आणि तू पुन्हा खुर्चीत बसली असतीस.

हे मी स्वतःला त्रेपन्न वर्षं सांगत आले. ते खरं आहे, पण फक्त त्या पहिल्या महिन्यापुरतं.

उन्हाळ्यात तू कोंबड्यांच्या कारखान्यात पुन्हा कामाला जायला लागलीस. हसायचीससुद्धा. तेव्हा देता आला असता. मी दिला नाही, कारण मला तो हवा होता. तू कामावर असताना दिवसभर तो माझ्या कडेवर असायचा. तू घरात नसलीस की तो मला ‘मम्मा’ म्हणायचा, आणि मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. तो गेल्यावर लोक तुला भेटायला यायचे, पावाचे डबे आणायचे, आणि मी दाराशी उभी राहून त्यांचे कोट घ्यायचे. दर एकवीस ऑक्टोबरला मी खण उघडायचे आणि एक आकडा लिहायचे. तीनपासून पंचावन्नपर्यंत. त्या वेळी तो माझ्या एकटीचा असायचा.

आणि याची किंमत नॅडीनने मोजली. ती पहिल्या बाकावर बसेल म्हणून तू कार्लटनच्या मयतीलाही आली नाहीस.

सोमवारी तिच्याकडे गेले होते, टोमॅटो घेऊन. एक्याऐंशीची झालीय, कान तेवढे तिखट आहेत. तिने टीव्ही बंद केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला वाटायचं, कार्लटनने घेतला.”

“इतकी वर्षं?”

“त्यानेही पोराला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. म्हटलं, असू दे त्याच्याजवळ. त्याला कधी विचारलं नाही. तो गेल्यावर मात्र सगळ्या पेट्या, सगळ्या कोटांचे खिसे बघितले. सापडला असता तर जीनीला पाठवणार होते.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. टोमॅटो ठेवून घेतले. निघताना दारात म्हणाली, “तिला लिही. आणि मी जाळला नाही, एवढं तरी ठळक लिही.”

नॅडीनने जाळला नाही.

काल मी रबर घेऊन टेबलाशी बसले होते. मागचे आकडे पुसले की हे पत्र चार ओळींत आटपलं असतं: बाजारात सापडला, देवाची कृपा. तीनवर रबर फिरवलासुद्धा. मग तोच पुन्हा लिहिला. बघ, तो बाकीच्यांपेक्षा जरा काळा दिसेल.

दर रविवारी चार वाजता तुझा फोन येतो. पत्र तुला कधी मिळेल कोण जाणे, पण यापुढच्या प्रत्येक रविवारी मी फोनजवळ असेन. वाजला नाही तरी असेन.

आता पाकीट उघड. आत पेन्सिलीचा एक तुकडाही आहे, तोच. एकवीस तारखेला तो छप्पन्नचा होईल. तेवढी जागा मी मोकळी सोडली आहे. ती तुझी आहे.

ड्यूई लीची मावशी,
व्हर्लीन