विमानातली हवा आणि रहाटणीचे अंगठे

दिल्ली, १२ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप कोंडाजीमामांस भाचा ज्योतीरामचा साष्टांग दंडवत.

पवनेवर जायची गाडीवाट ज्यांच्या हातून निसटते आहे, त्या तुमचं, माझं आणि साऱ्या रहाटणीचं गाऱ्हाणं एकच आहे: नदी आपली, वाट आपली, कुंपण मात्र कारखान्याचं. त्या कुंपणाविरुद्ध बोलायला तुम्ही मला इथे धाडलंत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला कमी झाला का? माझी खुशाली विचाराल, तर ती मुंबईच्या विमानतळावरच राहिली.

सुनावणीची नोटीस दोन दिवस आधी हाती पडली, आगगाडीनं वेळेत पोचणं अशक्य, म्हणून तळेगावच्या बबनरावांनी विमानाचं तिकीट काढून दिलं. (माझ्या भाषणातून हे गृहस्थ दोनदा उठून गेले आहेत, मला दूर पाठवायची संधी ते कशी सोडतील?) हवेविषयी मी पुष्कळ वाचलं आहे. तितक्या उंचीवर बाहेरची हवा एवढी विरळ, की माणूस जगणार नाही. म्हणून आत ती यंत्रानं भरतात, पण पुरती भरत नाहीत. सरकारी मदतीसारखी, जीव जाऊ नये इतकीच. सबंध प्रवासभर आपण कळसूबाईहून उंच डोंगरावर बसल्यासारखे असतो, फक्त देवीचं दर्शन तेवढं नसतं.

या हवेचे गुण ऐका. आधी कानांना दडे बसले. मग ओठ, जीभ आणि घसा उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखे कोरडे पडले. तीन तास अखंड बोलणाऱ्या माझ्या घशाला पाणी मागण्यापुरताही आवाज फुटेना. सरुबाईनं बरोबर दिलेला ठेचा उघडला, तर तो खडूसारखा बेचव. बायकोचा हात बिघडला या दुःखात मी सगळा खाल्ला. (हात बिघडला नव्हता. विमान उतरल्यावर पोटानं त्याची खरी चव कळवली.) शेजारी एक गिरणीमालक चिरूट ओढत होते. तो धूर त्यांच्या छातीतून माझ्या छातीत, तिथून पुन्हा त्यांच्या छातीत, असा दिल्लीपर्यंत फिरत राहिला. समतेसाठी मी जन्मभर भांडलो, पण ती अशी येईल असं वाटलं नव्हतं.

आणि मामा, मी रडलो. त्या हवेत माणूस हळवा होतो म्हणतात. गिरणीमालकही खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मला गवराबाई आठवली. चावडीत आपल्या अर्जावर सर्वांत आधी तिनं अंगठा उठवला. अंगठा पदराला पुसत म्हणाली, "ज्योती, आमच्या ह्यांना त्याच वाटंनं मसणात न्हेलं. मलाबी तिथनंच न्यायचं हाय. तारंच्या कुंपणाखालनं सरपटत न्हाई जायाची मी. नीट ने बाबा ह्यो कागूद." मी म्हणालो, "काळजी सोड." तिनं सोडलीही. माझ्या शब्दावर काळजी सोडणारं एवढं एकच माणूस गावात आहे.

सुनावणीत साहेबांपुढे उभा राहिलो. कानांचे दडे तसेच, स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून चढवत गेलो. शिपाई दोनदा धावत आला. शेवटी मी खिशातून आपला अर्ज काढून टेबलावर ठेवला, आणि साऱ्या रहाटणीनं दिलेले एकशे चार अंगठे व सह्या एका निळ्या डबक्यात बुडालेल्या दिसल्या. सह्या करून अर्धं रिकामं झालेलं शाईचं पेन त्याच खिशात होतं. पेनात शाई कमी म्हणजे हवा जास्त. विमान चढू लागलं तशी ती हवा फुगली आणि तिनं उरलेली शाई अर्जावर ढकलली. साहेबांनी तो कागद उलटसुलट केला आणि एका चिठ्ठीवर लिहून दाखवलं: "यात गाव कुठे आहे?" त्याखाली लिहिलं, पंधरा दिवसांत नवा अर्ज आला तर बघू, नाही आला तर कुंपण पुरं होईल.

मी आगगाडीनं निघतो आहे, पण तोवर दिवस वाया जातील, म्हणून नव्या अर्जावर अंगठे तुम्हीच घ्यायला लागा. विमानातली हवाच घातकी, त्याला कोण काय करणार? हे पत्र वाचून फाडून टाकावं.

आपला आज्ञाधारक,
ज्योतीराम

ता. क. फाडू नका. विमान उडण्याआधी तिथली सेविका सर्वांना सांगत आली होती, की शाईचं पेन रिकामं करा, नाहीतर टोक वर करून वेगळं ठेवा. गिरणीमालकानं मुकाट्यानं ऐकलं. मी तिला सांगितलं, की लेखणी रिती करण्याचा हुकूम मी आजवर कोणत्याही सत्तेचा मानलेला नाही. चांगलं दहा मिनिटं सांगितलं. आजूबाजूच्या दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

ता. क. दुसरा. एका कामाला दोनदा अंगठा मागितला, की पहिला खोट्या कामाला वापरला असं आपल्याकडे समजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. हवेची गोष्ट सांगून गवराबाई दुसरा अंगठा देणार नाही. ज्यानं चूक केली त्यानं गावापुढे कबूल केली, तरच देईल. म्हणून मामा, पत्र पोचेल त्याच दिवशी चावडीत गाव जमवा आणि हे पहिल्या ओळीपासून, वरच्या ता. क. सकट, मोठ्यानं वाचा. गवराबाईला अगदी पुढे बसवा. तिला कमी ऐकू येतं.